विज्ञानाच्या परीक्षेत स्वतः लिहिलेले टिपणकार्ड: परवानगी द्यावी का, आणि दिली तर कशी?

प्रश्न विचारणारे शिक्षक माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवतात. येत्या सत्र परीक्षेत विद्यार्थ्यांना हाताने लिहिलेले एक छोटे कार्ड सोबत आणू द्यावे, आणि त्यावर सूत्रे, व्याख्या, आकृत्या असे जे हवे ते लिहू द्यावे, असा त्यांचा विचार आहे. त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते ही कॉपीला दिलेली अधिकृत परवानगी आहे आणि त्यामुळे मुले पाठांतर सोडून देतील. कार्ड तयार करता करता अभ्यास आपोआपच होईल, असे स्वतः त्यांना वाटते. या दोन्ही मतांपैकी कोणते बरोबर, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगते. परवानगी जरूर द्यावी, परंतु शिकणे ‘आपोआप’ होईल या समजुतीवर विसंबून देऊ नये. कार्ड कोणत्या रीतीने तयार होते आणि प्रश्नपत्रिका कशी काढली जाते, या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे. त्या दोन्ही जुन्याच ठेवून केवळ कार्ड सुरू केले, तर आपल्या सहकाऱ्यांची भीती बऱ्याच अंशी खरी ठरेल. मी वीसहून अधिक वर्षे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवत आले आहे, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक काळ माझ्या परीक्षांना कार्ड चालते. पहिली काही वर्षे माझीही समजूत तुमच्यासारखीच होती, आणि ती कशी बदलली हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे अपुरे राहील.

एका परीक्षेच्या दिवशी, मुले कार्डे घेऊन वर्गात बसलेली असताना, मी ती सगळी कार्डे गोळा केली आणि दहा मिनिटांची एक छोटी बिनगुणांची चाचणी घेतली. विचारलेले बहुतेक सर्व त्यांच्या कार्डांवर आदल्या रात्रीच लिहिले गेले होते: ओहमचा नियम कोणत्या अटीवर लागू होतो, प्रतिरोधांच्या समांतर जोडणीत कोणती राशी समान राहते, विद्युत शक्तीची तीन रूपे कोणती. नंतर कार्डे परत दिली आणि ठरलेली परीक्षा घेतली. कार्डांवर सुवाच्य अक्षरात, रंगीत चौकटीत लिहिलेल्या गोष्टी बऱ्याच मुलांना दहा तासांनंतर आठवत नव्हत्या. त्यांनी त्या पुस्तकातून कार्डावर उतरवल्या होत्या, आणि उतरवताना हात चालला होता, पण डोक्याला ताण पडला नव्हता. त्यांना दोष देण्यासारखे त्यात काही नव्हते. दुसऱ्या कोणत्याही रीतीने कार्ड करायला मी त्यांना शिकवलेच नव्हते.

अशाच प्रकारची मांडणी डिक्सन आणि बाउअर या संशोधकांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केली होती, हे मला पुढे वाचनात आढळले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आधी कार्डाविना आणि नंतर कार्डासह परीक्षा दिली. कार्ड हातात असताना त्यांना अधिक गुण मिळाले, आणि कार्ड तयार केल्यामुळे विषय शिकला जातो या कल्पनेला आधार मिळाला नाही. पुस्तक उघडे ठेवून परीक्षा द्यायची आहे अशी अपेक्षा असलेल्या विद्यार्थ्यांविषयी पूजा अगरवाल आणि हेन्री रोडिगर यांनी २०११ साली दाखवले, की काही दिवसांनी पुस्तकाविना घेतलेल्या चाचणीत ते मागे पडतात, कारण ती अपेक्षाच तयारी ढिली करते. आपल्या सहकाऱ्यांची शंका हवेतली नाही, एवढे यावरून मान्य करायला हवे.

पण यावरून कार्ड वाईट असे ठरत नाही. पुस्तकातून नक्कल करून केलेले कार्ड काही शिकवत नाही, एवढेच ठरते. स्मरणाविषयी दीर्घकाळ तपासले गेलेले एक निरीक्षण इथे उपयोगी पडते. रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचताना विषय आल्यासारखा वाटतो; आठवून लिहिताना तो येत नाही हे कळते, आणि ते कळण्यातच शिकणे सुरू होते. पुस्तक समोर ठेवून लिहिलेले कार्ड पहिल्या जातीचे आहे. ते दुसऱ्या जातीचे करता येते, आणि त्यासाठी एकच गोष्ट बदलावी लागते: कार्डाचा पहिला मसुदा पुस्तक मिटून लिहायचा.

माझी पद्धत आता अशी आहे. परीक्षेच्या आठवडाभर आधी, वर्गातच, पुस्तके आणि वह्या दप्तरात ठेवायला सांगते. प्रत्येकाला एक कोरा कागद मिळतो आणि त्या घटकातले जे जे आठवेल ते वीस मिनिटांत निळ्या किंवा काळ्या पेनाने लिहायचे असते: सूत्रे, त्यांच्या अटी, एकके, आकृत्या, गोंधळ होणाऱ्या जोड्या. पहिली पाच मिनिटे पेने भराभर चालतात, मग वर्ग शांत होतो आणि मुले छताकडे पाहू लागतात. ती शांतता मोडू नका, कारण त्या वेळेत सर्वाधिक काम होत असते. वीस मिनिटांनंतर पुस्तक उघडायचे आणि जे सुटले, चुकले किंवा अर्धवट राहिले ते लाल पेनाने भरायचे. आता त्या कागदावर प्रत्येकाला स्वतःचा नकाशा दिसतो. निळे आहे ते येते. त्याला कार्डावर जागा देण्याची गरज नाही. लाल आहे ते कार्डासाठी उमेदवार. दोन-तीन दिवसांनी हीच कृती दहा मिनिटांत पुन्हा करायची, आणि दुसऱ्या वेळीही जे लाल राहते, केवळ तेवढेच अंतिम कार्डावर जायचे.

यातून दोन गोष्टी साधतात. आठवण्याचा सराव दोनदा होतो, तोही मध्ये अंतर ठेवून; आणि कार्ड आकसते. दुसऱ्या मसुद्यानंतर पुष्कळ मुलांच्या लक्षात येते, की त्यांना मोठ्या कार्डाची आवश्यकताच नाही. पहिल्या मसुद्याचा कागद अंतिम कार्डासोबत जोडून द्यायचा, हा मसुद्यांबाबत माझा एकमेव सक्तीचा नियम आहे. लाल-निळा कागद नसेल तर कार्ड चालत नाही. मुलांना याचे कारण स्पष्ट सांगावे. ते लपवण्यात काही हशील नाही.

आता कार्डावर काय असावे हे सांगताना एक कार्ड जवळून दाखवते. यांत्रिकीच्या परीक्षेला एका विद्यार्थिनीने आणलेल्या कार्डावर तीसच्या आसपास सूत्रे होती, बारीक आणि सुंदर अक्षरात. प्रश्न असा होता: घर्षणरहित आडव्या पृष्ठभागावर २०० न्यूटन प्रति मीटर स्थिरांकाची स्प्रिंग ०.१ मीटर दाबून ०.५ किलोग्रॅमचा ठोकळा सोडला, तर स्प्रिंग मूळ लांबीला येताच त्याचा वेग किती? तिने स्थिरांक गुणिले अंतर करून बल २० न्यूटन काढले, त्याला वस्तुमानाने भागून त्वरण ४० मीटर प्रति सेकंद वर्ग काढले, आणि कार्डावरचे गतीचे तिसरे समीकरण, व्ही वर्ग = यू वर्ग + २ ए एस, वापरून वेग २.८३ मीटर प्रति सेकंद असे उत्तर दिले. आकडेमोड अचूक, एकके बरोबर, समीकरणही कार्डावर बिनचूक उतरवलेले; उत्तर मात्र चूक. स्प्रिंग मोकळी होत जाते तसे बल कमी होत जाते, त्वरण स्थिर राहत नाही, आणि ते समीकरण स्थिर त्वरणासाठीच आहे. ऊर्जेने गेले तर स्प्रिंगमध्ये साठलेली स्थितिज ऊर्जा १ ज्यूल, तीच ठोकळ्याची गतिज ऊर्जा, म्हणून वेग २ मीटर प्रति सेकंद. ऊर्जेचे सूत्रदेखील त्याच कार्डावर, चार ओळी खाली होते.

परीक्षेनंतर आम्ही दोघींनी ते कार्ड समोर ठेवून पाहिले. तिला सूत्र माहीत नव्हते असे नाही. कोणते सूत्र कुठे चालत नाही हे तिच्या कार्डावर कुठेच नव्हते. पुढच्या परीक्षेच्या तिच्या कार्डावर जेमतेम नऊ सूत्रे होती आणि प्रत्येकाखाली एक ओळ. गतीच्या समीकरणांखाली लिहिले होते: ‘त्वरण स्थिर असेल तरच. स्प्रिंग, लोलक, हवेचा विरोध: नाही.’ तीस सूत्रांच्या कार्डापेक्षा ही एक ओळ मला अधिक मोलाची वाटते, आणि मुलांना कार्ड करायला शिकवताना मी हेच सांगते, की सूत्राशेजारी त्याची अट लिहा, आणि अट लिहिता येत नसेल तर ते सूत्र अजून आपले झालेले नाही असे समजा.

मिशलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांचा १९८१ सालचा अभ्यास या संदर्भात मला वारंवार आठवतो. त्यांनी भौतिकशास्त्रातील उदाहरणे नवशिक्यांना आणि जाणकारांना गटांत लावायला दिली. नवशिक्यांनी दिसेल त्यावरून गट केले: ही उतरणीची, ही कप्पीची, ही स्प्रिंगची. जाणकारांनी तत्त्वावरून केले: ही ऊर्जेच्या अक्षय्यतेची, ही न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची. मुलांची पहिली कार्डे नेहमी नवशिक्यांच्या गटांसारखी असतात, धड्यांच्या क्रमाने लिहिलेली. तिसऱ्या-चौथ्या परीक्षेपर्यंत काही कार्डे तत्त्वांभोवती रचलेली दिसू लागतात, एका कोपऱ्यात ‘काहीतरी अक्षय्य राहते का?’ असा प्रश्न आणि त्याच्याखाली ऊर्जा, संवेग, प्रभार असे. हा बदल उत्तरपत्रिकेवरून इतक्या स्पष्टपणे कधीच दिसत नाही. कार्ड चालू ठेवण्याचे माझे सर्वांत मोठे कारण खरे तर हेच आहे: विद्यार्थ्याच्या डोक्यात विषय कसा रचलेला आहे हे मला एका तळहाताएवढ्या कागदावर पाहायला मिळते.

रसायनशास्त्रातील एक लहान उदाहरण देते. बंद पात्रातील वायू २७ अंश सेल्सिअसवरून १२७ अंशांपर्यंत तापवला, घनफळ तेच, तर दाब किती पट होईल? पीव्ही = एनआरटी हे वायूचे समीकरण कार्डावर असूनही काही मुले १२७ ला २७ ने भागून दाब पावणेपाच पटीच्या आसपास नेतात. केल्विनमध्ये ४०० भागिले ३००, म्हणजे चार तृतीयांश पट, हे उत्तर ज्यांच्या कार्डावर सूत्राशेजारी ‘तापमान केल्विनमध्ये, +२७३’ एवढेच लिहिलेले असते त्यांना सापडते. आपली नेहमीची चूक स्वतःच्या शब्दांत कार्डावर लिहिणे, हा कार्डाच्या जागेचा सर्वोत्तम उपयोग आहे, आणि छापील सूत्रतक्ता हे काम कधीही करू शकणार नाही. जीवशास्त्रात माझा अनुभव मर्यादित आहे. तिथे नावे दिलेल्या आकृतीपेक्षा प्रवाह दाखवणारे कार्ड अधिक उपयोगी पडते, एवढे मी सहकाऱ्यांच्या वर्गांत पाहिले आहे: प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन शेजारी शेजारी, कुठे काय आत जाते आणि काय बाहेर पडते, बाणांनी.

काही गोष्टी मात्र कार्डावर असूच नयेत आणि त्या पाठच असाव्यात, याविषयी मी आग्रही आहे. नेहमीच्या मूलद्रव्यांची चिन्हे आणि संयुजा, किलो-मिलि-मायक्रो हे उपसर्ग, एककांचे अर्थ, साधी बीजगणितीय उलटापालट. विचार करताना मन एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता, नेल्सन कोवन यांनी २००१ साली तो चारच्या जवळ आणला. समीकरण संतुलित करत असताना सल्फेटची संयुजा शोधायला कार्डाकडे वळावे लागले, की परत येईपर्यंत हातातला धागा सुटलेला असतो. कार्ड हे क्वचित लागणाऱ्या गोष्टींसाठी आहे. पदोपदी लागणारी गोष्ट कार्डावर असेल, तर परीक्षा कार्डासह दिली काय किंवा कार्डाविना दिली काय, ती अडखळतच दिली जाणार. म्हणून पाठांतराच्या बाजूने बोलणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांशी याबाबतीत माझा वाद नाही. या मूलभूत गोष्टींसाठी मी दर आठवड्याला पाच मिनिटांची कार्डाविना चाचणी घेते, आणि कार्ड सुरू करणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी असे सांगेन.

आता प्रश्नपत्रिकेविषयी, कारण बहुतेक प्रयोग इथेच फसतात. कार्ड चालू केल्यानंतर ‘ओहमचा नियम लिहा’ या प्रश्नाला काहीही अर्थ उरत नाही. तो नक्कल करण्याचा प्रश्न होतो आणि त्यावर दिलेले गुण फुकट जातात. त्याऐवजी एका लहान दिव्याची मोजमापे द्यावीत: २ व्होल्टला ०.२० अँपिअर, ४ व्होल्टला ०.३० अँपिअर, ६ व्होल्टला ०.३६ अँपिअर. हा दिवा ओहमचा नियम पाळतो का, आणि पाळत नसेल तर नियमातील कोणती अट मोडली, असे विचारावे. प्रतिरोध १० ओहमवरून सुमारे १६.७ ओहमपर्यंत वाढतो हे भागाकाराने कळते. तार तापल्यामुळे तो वाढतो आणि ‘तापमान स्थिर असताना’ ही अट इथे टिकत नाही, हे मात्र ज्याने अट नुसती उतरवली आहे त्याला सुचत नाही. कार्डावर नियम असणे इथे कोणाला अन्यायकारक लाभ देत नाही. जीवशास्त्रात ‘नेफ्रॉनची (मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळणीची) आकृती काढून नावे द्या’ याऐवजी, त्याच नेफ्रॉनच्या एका भागाविषयी, ‘हेन्लेच्या वळशाच्या चढत्या भागात सोडियमचे पुनःशोषण रोखणारे औषध दिले तर मूत्राचे प्रमाण वाढेल की कमी होईल, आणि का?’ असा प्रश्न निघू शकतो.

असे प्रश्न काढायला वेळ लागतो. माझ्या अंदाजाने जुन्या पद्धतीच्या दुप्पट लागतो, आणि पहिल्या वर्षी मला ते जड गेले. सगळी प्रश्नपत्रिका एकदम बदलणे शक्य नसेल, तर ती दोन भागांत करावी. पहिला भाग कार्डाविना, थोडक्यात उत्तरांचा, वीस-पंचवीस मिनिटांचा. तो गोळा झाल्यावर कार्डे बाकांवर ठेवायची आणि दुसरा भाग सुरू करायचा. कोणतीही जुळवाजुळव न करता आपले सहकारी मान्य करतील अशी ही व्यवस्था आहे. आणखी एक काळजी घ्यावी: कार्ड आहे म्हणून प्रश्नांची संख्या वाढवू नये, उलट एखादा कमी करावा. ज्याला कार्ड चाळत बसावे लागते त्याचा वेळ जातो, आणि घड्याळाने त्याला शिक्षा करणे हा या परीक्षेचा हेतू नाही.

नियमांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आकार ए-सहा, म्हणजे १०५ गुणिले १४८ मिलिमीटर, साधारण पोस्टकार्डाएवढा, एकच बाजू, हाताने लिहिलेले, वर स्वतःचे नाव, परीक्षा संपल्यावर उत्तरपत्रिकेला जोडून द्यायचे. ए-चार कागद देऊन पाहिला आहे. त्यावर मुले निवड करत नाहीत, पुस्तक उतरवतात. छपाई किंवा लहान केलेली छायाप्रत चालत नाही, कारण मग एकाचे कार्ड साऱ्या वर्गाचे होते. मजकुरावर मात्र मी सल्ल्यापलीकडे बंधन घालत नाही. सोडवलेले उदाहरण लिहायचे असेल तर लिहू द्यावे. ते किती जागा खाते आणि बदललेल्या प्रश्नाला किती कमी उपयोगी पडते, हे विद्यार्थी एका परीक्षेत स्वतःच शिकतो.

पण हे नियम सर्वांना सारखेच लावणे न्याय्य नसते. ज्याला हाताने लिहिणे शारीरिकदृष्ट्या कठीण आहे त्याला टंकलिखित कार्ड चालले पाहिजे. ज्याची दृष्टी मंद आहे त्याला तितकाच मजकूर मोठ्या अक्षरांत, म्हणून मोठ्या कागदावर, लिहू दिला पाहिजे. ब्रेलमध्ये पोस्टकार्डावर जेमतेम काही ओळी मावतात. तिथे आकार न मोजता मजकुराचे प्रमाण मोजावे. ही तरतूद नियमांसोबत पहिल्याच दिवशी जाहीर करावी, म्हणजे कोणा विद्यार्थ्याला ती एकट्याने मागावी लागत नाही. मी सुरुवातीला हे केले नव्हते, आणि एका मुलाने संपूर्ण सत्र न मागता काढले, याची मला आजही खंत आहे.

‘एवढे करण्यापेक्षा शिक्षकानेच सूत्रांचा तक्ता का देऊ नये?’ असाही आक्षेप येतो. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट या अनेक देशांत चालणाऱ्या शालेय अभ्यासक्रमाच्या भौतिकशास्त्र परीक्षेला माहितीपुस्तिका मिळते, इंग्लंडमधील जीसीएसई, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या शालेय परीक्षेत, भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांसोबत २०२२ पासून सूत्रपत्रक दिले जात आहे. ही व्यवस्था चुकीची नाही आणि सर्वांना समान आहे. ज्यांच्या घरी कार्ड करायला शांत जागा नाही त्यांच्यासाठी ती अधिक न्याय्यही ठरू शकते, आणि म्हणूनच मी कार्डाचे मसुदे घरी न पाठवता वर्गात करून घेते. परंतु दिलेल्या तक्त्यात विद्यार्थ्याची निवड नसते, त्याच्या चुका नसतात, आणि तो वाचून मला त्या विद्यार्थ्याविषयी काहीच कळत नाही. गरज भासल्यास दोन्ही द्यावे: स्थिरांक आणि आवर्तसारणी परीक्षकाकडून, बाकी कार्डावर.

परीक्षेची भीती कार्डामुळे कमी होते का, असे पालक हमखास विचारतात. अनेक मुलांची होते, असे ती सांगतात, आणि परीक्षागृहात त्यांचे चेहरे पाहून ते खरे वाटते. परंतु भीती कमी झाली म्हणजे गुण वाढतीलच असे आश्वासन देऊ नये. डिक्सन आणि मिलर (हे वरचे जॉर्ज मिलर नव्हेत) यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परवानगी असलेल्या कार्डांमुळे परीक्षेतील कामगिरी सुधारल्याचे आढळले नाही. इतर काही अभ्यासांत लाभ दिसला आहे. प्रश्न कोणत्या जातीचे होते आणि कार्ड कसे केले होते यानुसार निष्कर्ष बदलतात, असे मला वाटते. कॉपीविषयी एवढेच सांगते: ज्या चिटोऱ्याची भीती होती तो आता नाव घालून उत्तरपत्रिकेला जोडलेला असतो, आणि तो लपवण्यात खर्ची पडणारी हुशारी तो निवडण्यात खर्ची पडते. चोरून आणणारे पूर्णपणे थांबत नाहीत. पर्यवेक्षण पूर्वीइतकेच दक्ष ठेवावे.

परत आलेली कार्डे न वाचता बासनात बांधून ठेवू नका. मी उत्तरपत्रिका तपासताना ज्या प्रश्नाला उत्तर चुकले त्याच्याशी संबंधित मजकूर कार्डावर होता का, एवढे पाहते आणि उत्तराशेजारी एक खूण करते: कार्डावर होते, किंवा नव्हते. ‘होते’ अशी खूण जास्त असलेल्या विद्यार्थ्याला सूत्रे कधी वापरायची हे शिकवावे लागते. ‘नव्हते’ अशी खूण जास्त असलेल्याला आपल्याला काय येत नाही हे ओळखायला शिकवावे लागते. दोघांचे गुण सारखे असू शकतात, पण त्यांना मदत वेगवेगळी लागते. कार्डाला स्वतंत्र गुण मात्र देऊ नका. एका वर्षी मी ते दिले, आणि कार्डे अधिक देखणी झाली, अधिक उपयोगी झाली नाहीत.

शेवटी, ज्या अंतिम सार्वजनिक परीक्षेला कार्ड चालत नाही तिच्या तयारीचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. वर्षभर कार्ड देऊन शेवटी ते एकदम काढून घेणे अन्यायाचे होईल. मी पहिल्या सत्रात पूर्ण कार्ड देते, दुसऱ्या सत्रात त्याच्या निम्म्या आकाराचे, आणि सराव परीक्षेत कार्ड घरीच राहते. सराव परीक्षेच्या सुरुवातीला पहिली पाच मिनिटे प्रश्नपत्रिका पालथी ठेवून उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर आपले कार्ड आठवून लिहायला सांगते. आठवड्याआधीच्या कोऱ्या कागदापासून ही सवय लागलेली असल्याने बहुतेकांना ते जमते, आणि अंतिम परीक्षेत कच्च्या कामाच्या पानावर हेच करायला कोणाची परवानगी लागत नाही. आपण सुरुवात करणार असाल तर एकाच घटकाने करा, शक्यतो विद्युतधारा किंवा वायूंचे नियम, कारण तिथे सूत्रे थोडी आणि अटी महत्त्वाच्या आहेत. पहिला मसुदा घेण्यासाठी एक पूर्ण तासिका राखून ठेवा, आणि लाल पेने आपणच वर्गात घेऊन जा.